दुखरा गुडघा घेऊन थीम पार्कला: गोव्याहून निघण्याआधीपासून परत घरी टेकेपर्यंत

सुट्टी तोंडावर आली की ओळखीतून तोच फोन येतो. "तिकिटं काढून झाली, आता गुडघा दुखतोय, कुठल्या राइड चालतील?" हा प्रश्न शेवटून सुरू होतो. राइडचा विचार यादीत सातवा येतो. त्याआधीची सहा कामं झालेली नसली तर कुठलीही राइड चालणार नाही, अगदी लहान मुलांचे घोडेसुद्धा.

माझीही चूक हीच झाली होती. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना स्टूल कललं. पाय जमिनीवर टेकला, पण अंग वळलं आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ गेली. मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली गादी, फाटल्याचं निघालं. दिवाळीच्या सुट्टीत पार्कला न्यायचा शब्द मुलांना आधीच दिलेला होता, म्हणून गेलो. तीन राइड केल्या, काही झालं नाही. चौथीच्या रांगेत पाऊण तास उभा राहिलो, आणि ती संपल्यावर बाहेर पडायच्या लोखंडी जिन्यावर पाय अडकला तो सरळच होईना. गुडघा झोपाळ्यावर बिघडत नाही, तो रांगेत, जिन्यावर आणि परतीच्या प्रवासात बिघडतो. खालचे टप्पे त्याच हिशेबाने लावलेले आहेत. क्रम मोडू नका.

## टप्पा 1: आधी निदान, मग तिकीट

"गुडघा दुखतोय" हे निदान नव्हे. आमच्याकडे ढोपर दुखलं की पहिला फोन मालिश करणाऱ्याला जातो, दुसरा मेडिकलवाल्याला, आणि डॉक्टरचा नंबर तिसरा. ताज्या दुखापतीवर जोराची मालिश करून घेतली तर आतला रक्तस्राव आणि सूज वाढू शकते. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असो, म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ असो, की गावातला खाजगी ऑर्थोपेडिक, तिकिटाआधी तिथे जा.

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर सहल पुढे ढकला:

- दुखापतीनंतर पायावर वजन टाकून चार पावलंही टाकता येत नाहीत. याला एक्स-रे लागतो.
- गुडघा पूर्ण सरळ होत नाही, मध्येच अडकतो, किंवा काटकोनाइतका वाकत नाही.
- सपाट जमिनीवर चालताना गुडघा अचानक दगा देतो.
- सांधा गरम, लाल आहे आणि ताप आहे.
- एकाच पायाची पोटरी सुजली आहे, दुखते आहे, गरम लागते आहे. ही शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. दोन दिवस वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.

निदान झालं की कशाला जपायचं तेही कळतं, कारण प्रत्येक दुखापतीचं भांडण वेगळ्या हालचालीशी असतं. मेनिस्कसचं भांडण वाकलेल्या गुडघ्यावर अंग वळवण्याशी. लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा दोर, दुखावलं असेल तर पिळाशी आणि बाजूने बसणाऱ्या धक्क्याशी. गुडघ्याच्या वाटीमागे दुखत असेल तर जिना उतरणं आणि पाय दुमडून बराच वेळ बसणं नको. झिजेचा गुडघा सगळं थोडं थोडं सहन करतो, पण सलग उभं राहणं सोसत नाही.

लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. साधारण दीड ते तीन महिन्यांच्या काळात पाय बरा वाटू लागतो, सूज उतरते, कुबड्या सुटतात. पण आत बसवलेला नवा दोर नेमका याच काळात सगळ्यात कमकुवत असतो. "आता काही दुखत नाही" या भरवशावर केलेलं धाडस इथेच महागात पडतं. सर्जनने हो म्हटल्याशिवाय राइड नाही.

डॉक्टरला "जाऊ का?" असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघम मिळेल. नेमकं विचारा:

1. सलग किती वेळ उभं राहू, किती वेळ चालू?
2. जिना चढउतार चालेल का, किती मजले?
3. झटके, फिरकी आणि पाय लोंबकळणं, यातलं काय पूर्ण वर्ज्य?
4. प्रवासात नी-कॅप घालू की काढून ठेवू?

उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्या. ही चिठ्ठी पार्कच्या गेटवर लागते, आणि घरच्यांना गप्प करायलाही.

> तपासा: चिठ्ठीवर दुखापतीचं नाव, तारीख आणि "जास्त वेळ उभं राहू नये" असं स्पष्ट वाक्य आहे ना? नुसतं "विश्रांती घ्या" लिहिलेलं असेल तर काउंटरवर त्याचा उपयोग होत नाही.

## टप्पा 2: घराजवळच रंगीत तालीम

पार्कातला पूर्ण दिवस म्हणजे फोनवर पावलांचा आकडा सहज 10,000 च्या पुढे. एरवी घर ते स्कूटर आणि स्कूटर ते ऑफिस एवढंच चालणारे आपण. त्यामुळे निघण्याच्या दोन आठवडे आधी एक दिवस तालमीसाठी ठेवा. आदल्या दिवशी ठेवून उपयोग नाही, कारण खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो.

डॉक्टरने परवानगी दिलेल्या मर्यादेतच हे करायचं:

1. सकाळी उठल्यावर शिंप्याची टेप घ्या. पाय सरळ ठेवून वाटीच्या मधोमध दोन्ही गुडघ्यांचा घेर मोजा आणि लिहून ठेवा.
2. मिरामारच्या बाजूला सपाट फुटपाथवर 30 ते 40 मिनिटं चाला. वाळूत नाही. वाळूत पाऊल आत वळतं आणि गुडघा पिळतो.
3. 20 मिनिटं एका जागी उभं राहा. बँकेत, रेशनच्या रांगेत, मासळी बाजारात, कुठेही. टेकायचं नाही.
4. कठडा धरून एक जिना चढा आणि उतरा. पणजीच्या चर्चसमोरच्या सगळ्या पायऱ्या जिंकायच्या नाहीत, पहिला टप्पा पुरे.
5. कमी उंचीच्या खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठा.
6. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी पुन्हा घेर मोजा.

घेर एक सेंटीमीटरहून जास्त वाढला असेल, किंवा सकाळी गुडघा आखडलेला असेल, तर पार्कात तुम्ही व्हीलचेअरचे प्रवासी. यात लाज नाही. तिसरं काम, म्हणजे 20 मिनिटं उभं राहणंच, जमलं नाही तर रांग टाळायची सोय असल्याशिवाय जाऊ नका. सगळं पार पडलं तर चालत जा, पण काठी बरोबर घ्या.

जिन्याचा नियम पाठ करून ठेवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. उतरणं सोपं वाटतं पण सांध्यावर भार तेव्हाच जास्त पडतो. सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना उतरताना तो साडेतीन पटीच्या आसपास जातो. उतरताना लिफ्ट किंवा रॅम्प मिळत असेल तर दहा मिनिटांचा वळसा घ्या.

> सावध: काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरायची नसते. डावा गुडघा दुखत असेल तर काठी उजव्या हातात, आणि डावं पाऊल पडतं त्याच वेळी काठी टेकायची. उंची मनगटाच्या घडीइतकी. आजोबांची उंच काठी उचलून नेलीत तर गुडघ्यासोबत खांदाही दुखेल.

## टप्पा 3: पार्क आणि वार ठरवणं

गोव्यात हणजूणला वॉटर पार्क आहे, पण मोठा थीम पार्क इथे नाही. त्यामुळे आपली माणसं एकतर उत्तरेला खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जातात किंवा दक्षिणेला बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळच्या वंडरलाला. दोन्हीकडे रात्रभराचा प्रवास. दुखऱ्या गुडघ्याला कुठलं बरं हे विचारू नका. जिथे तुमचा मुक्काम गेटजवळ होईल ते बरं. पहाटे उतरून थेट गेटवर आणि संध्याकाळी थेट गाडीत, हा बेत धडधाकट माणसासाठीच ठेवा. पार्कच्या आधी एक रात्र आणि नंतर एक रात्र तिथे मुक्काम धरा. खर्च वाढतो हे खरं, पण एमआरआयपेक्षा कमी.

वार मधला घ्या, मंगळवार ते गुरुवार. दिवाळीच्या सुट्टीत शक्य असेल तर लक्ष्मीपूजन-पाडव्याची गर्दी टाळून पुढचे दिवस. पावसाळ्यात खोपोलीकडे धो धो पाऊस असतो, तिकिटं स्वस्त दिसतात, आणि ओल्या फरशीवर काठी घसरते. मे महिन्यात गर्दी आणि ऊन दोन्ही.

तिकीट काढण्याआधी पार्कला फोन करा. ईमेल करू नका, फोनच करा, आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा:

- व्हीलचेअर आहे का, आधी राखून ठेवता येते का, डिपॉझिट किती?
- पायाला दुखापत असलेल्याला रांगेत उभं न राहता बाजूच्या वाटेने घेतात का? चिठ्ठी लागते का? सोबत कितीजण येऊ शकतात?
- कुठल्या राइडला चढायला जिना आहे, कुठल्या सपाट वाटेने गाठता येतात?
- त्या तारखेला कुठल्या राइड बंद आहेत?
- प्रथमोपचार केंद्र कुठे आहे?

मोठ्या पार्कांत जादा दराचं रांग टाळणारं तिकीटही असतं. ते दुखऱ्या माणसापुरतं काढायचं की सगळ्या कुटुंबाचं, यावर घरोघरी वाद होतात. माझं मत: ज्याचा गुडघा दुखतो त्याचं आणि त्याच्यासोबत बसणाऱ्या एकाचं. बाकीच्यांनी रांगेत उभं राहावं, तेवढी हौस असतेच.

## टप्पा 4: रात्रीचा प्रवास

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या कोणी मोजत नाही. बारा तास गुडघा दुमडून बसलात तर सकाळी गेटवर पोचेपर्यंत तो सुजलेला असणार. मग दोष पार्काला.

रेल्वे. खोपोलीसाठी कोकणकन्येने पनवेलला उतरणं सोयीचं. मडगाव, करमळी, थिवी, जिथून जवळ तिथून चढा, पण गाडी कुठल्या फलाटावर येते ते आधी विचारा. पादचारी पुलाचे दोन जिने हा राइडपेक्षा मोठा त्रास आहे. स्टेशन मास्तरला आधी सांगितलं तर व्हीलचेअरची सोय होऊ शकते. लोअर बर्थच हवा. रेल्वे 60 वर्षांवरच्या पुरुषांना आणि 45 वर्षांवरच्या स्त्रियांना खालच्या बर्थचा कोटा देते. तरुण माणसाला गुडघ्याच्या नावाखाली तो मिळत नाही, म्हणून लवकर आरक्षण करा. साइड लोअर घेऊ नका. तो आखूड असतो, उंच माणसाचा पाय सरळ होत नाही, आणि रात्रभर येणारेजाणारे पायाला धक्का देतात.

बस. सीटर नको, स्लीपर घ्या, आणि खालचा. वरच्या बर्थला चढायची शिडी म्हणजे एका पायावर सगळं वजन. दुखरा पाय आतल्या बाजूला, खिडकीकडे राहील असं झोपा, म्हणजे वाटेने जाणाऱ्याचं सामान आपटणार नाही. बंगळूरला जाताना अनमोड घाटात बस वळणं घेते तेव्हा पाय घसरतो. गुडघ्याच्या बाजूला गुंडाळलेली चादर ठेवा.

स्वतःची गाडी. दुखरा पाय गाडी चालवणाऱ्याचा असेल तर दुसरा चालक शोधा. जोराने ब्रेक दाबता येतो का हे घाटात तपासायचं नसतं. महामार्गाने गेलात तर वाकण फाट्यावरून पालीमार्गे खोपोली रस्त्याला लागता येतं. आंबोलीमार्गे गेलात तर कोल्हापूर, पुणे आणि द्रुतगती मार्ग. कुठूनही जा, दर दीड तासाने उतरून पाच मिनिटं चाला. मागच्या सीटवर आडवं बसून पाय सरळ ठेवायचा मोह होतो. तसं बसलात की पट्टा नीट लागत नाही. त्यापेक्षा पुढची सीट पूर्ण मागे सरकवा.

विमान. मोपा असो वा दाबोळी, व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. सीट आयल बाजूची आणि दुखरा पाय वाटेकडे येईल अशी. आपत्कालीन दाराजवळची जागा मागू नका. तिथे ऐन वेळी मदत करू शकणारा धडधाकट माणूस लागतो, तुम्हाला उठवतील.

कुठल्याही वाहनात दर तासाला घोटे वरखाली करा, 20 वेळा. पाणी प्या. घट्ट नी-कॅप घालून झोपू नका. गुडघ्यामागे वळ उठतो, खालचा पाय सुजतो. डॉक्टरने ब्रेस (बिजागरीचा आधार) सतत ठेवायला सांगितला असेल तर गोष्ट वेगळी.

> तपासा: मुक्कामी पोचल्यावर दोन्ही पोटऱ्या शेजारी ठेवून पाहा. एकच पोटरी फुगलेली, दुखरी असेल तर पार्क नाही, इस्पितळ. सोबत छातीत दुखणं किंवा धाप असेल तर 108.

## टप्पा 5: पिशवी

थोडक्यात सांगतो. डॉक्टरची चिठ्ठी, तिचा फोनमधला फोटो, काठी आणि तिचं जादा रबरी बूड. नी-कॅप दोन, कारण एक घामाने किंवा पाण्याने भिजणारच. चेनची प्लास्टिक पिशवी आणि हाताचा टॉवेल, बर्फासाठी. बर्फ घरून न्यायची गरज नाही, खाण्याच्या काउंटरवर मागितला तर बहुधा देतात. मळलेले, पायात बसलेले, बंदांचे बूट. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालणारा माणूस गुडघा शाबूत असला तरी लंगडतो.

नी-कॅपबद्दल गैरसमज मोठा आहे. कापडी नी-कॅप ऊब आणि थोडा आधार देते, पिळ थांबवत नाही. बाजूने आधार देतो तो बिजागरीचा ब्रेस, आणि तो मापाने घ्यावा लागतो. फार्मसीत "मोठा द्या" म्हणून आणलेला ब्रेस चालता चालता घोट्यावर येतो.

दुखण्याच्या गोळ्यांचं: डॉक्टरने दिलेलीच, पोटात काही गेल्यावर, ठरलेल्या मात्रेत. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक एकाच कुळातल्या गोळ्या आहेत. डब्यावर नावं वेगळी म्हणून दोन्ही घेऊ नका. आणि "आज मजा करायची आहे" म्हणून सकाळीच जादा गोळी घेणं ही सगळ्यात वाईट युक्ती. दुखणं हीच तुमची घंटा असते, तिचा आवाज बंद केलात तर थांबायचं कधी हे कोण सांगणार?

## टप्पा 6: गेटच्या आत पहिला तास

1. गेट उघडण्याच्या वेळी पोचा. गाडी गेटजवळ उतरवून घ्या, पार्किंगमधून चालत येऊ नका.
2. आत गेल्यागेल्या अतिथी काउंटर. चिठ्ठी दाखवा, व्हीलचेअर घ्या, रांगेबाबतची सोय विचारा. मुलं "आधी ती राइड" म्हणून ओढतील. आईला किंवा भावाला त्यांच्यासोबत पुढे पाठवा, तुम्ही काउंटर सोडू नका. दुपारी आलात तर व्हीलचेअर संपलेल्या असतात.
3. नकाशावर तीन खुणा करा: प्रथमोपचार, कमोड असलेलं स्वच्छतागृह, सावलीतली बसायची जागा.
4. आधी लांबचं टोक गाठा आणि परत गेटकडे या. संध्याकाळी गुडघा थकलेला असताना शेवटची चाल छोटी राहते. बहुतेक माणसं उलट करतात.

व्हीलचेअर दुखण्याच्या आधी वापरायची वस्तू आहे. "अजून चालवतंय, मग बसतो" म्हणणारा दुपारी दोन वाजता बसतो आणि तोवर सूज आलेली असते. चाला ते राइडच्या दारापाशी, थोडंसं. लांबची अंतरं खुर्चीतून. खुर्चीत बसताना आणि उठताना दोन्ही ब्रेक लावा आणि पायाच्या पट्ट्या वर उचला. पट्टीवर उभं राहून उठायला गेलं की खुर्ची पुढे उलटते. उतारावर ढकलणाऱ्याने खुर्ची पाठमोरी उतरवायची. ढकलायला मोठं माणूस. बारा वर्षांच्या मुलाला हे काम फार आवडतं, म्हणूनच देऊ नका.

वेळेचा हिशेब असा ठेवा: 45 मिनिटं हालचाल, 15 मिनिटं पाय वर. दुपारी जेवणानंतर बसून बघायचा शो, आणि त्याच वेळी 15 ते 20 मिनिटं बर्फ, टॉवेलमध्ये गुंडाळून. थेट कातडीवर ठेवलात तर कातडी भाजल्यासारखी होते.

## टप्पा 7: राइडची पारख

पाटीवर "पाठ, मान, हृदय, गर्भारपण" एवढं असतं. गुडघ्याचा उल्लेख असेलच असं नाही. म्हणून प्रत्येक राइडच्या बाहेर पाच मिनिटं बसून आधी एक फेरी नुसती बघा, आणि हे प्रश्न स्वतःला विचारा.

चढायचं कसं? डबा जमिनीलगत असेल, आत पाय टाकून खाली बसायचं असेल, तर ती खोल बैठक आहे. बोटीसारख्या राइडमध्ये हलत्या काठावरून पाऊल टाकावं लागतं. लहान मुलांचे गोल फिरणारे घोडे निरुपद्रवी दिसतात, पण घोड्यावर पाय टाकताना दुखरा गुडघा वाकवून वळवावा लागतो. तिथे बाक किंवा रथ असतो, त्यात बसा.

पाय कुठे राहतात? इमॅजिकातलं नायट्रो हे रोलर कोस्टर तळ नसलेलं आहे, पाय हवेत लोंबकळतात. लिगामेंटवाल्याला पायाचं वजनच ओढ देतं आणि वळणावर पोटरी बाजूला फेकली जाते. पडद्यासमोर खुर्चीत बसवून भारतावरून उडवून आणणारी तिथली आय फॉर इंडिया सौम्य आहे, पण तिथेही पाय अधांतरी राहतात. झिजेच्या गुडघ्याला बहुधा चालतं, ताज्या लिगामेंटला नाही. पाय जमिनीवर टेकलेले, गुडघ्यापुढे चार बोटं जागा, अशी बैठक सगळ्यात बरी. उंच माणसाचे गुडघे पुढच्या पत्र्याला टेकत असतील तर पहिल्याच ब्रेकला लागणार.

दांडा कुठे येतो? मांडीवर येणारा दांडा गुडघ्याच्या जवळ दाबला जात असेल तर बंद करण्याआधीच सांगा. सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही.

धक्का कुठून? धडकगाड्या पूर्ण वर्ज्य. त्यात पाय पेडलवर ताणलेला असतो आणि धक्का सरळ गुडघ्यात जातो. हे सांगूनही माणसं "त्यात काय, लहान मुलांचीच आहे" म्हणत बसतात.

राइड मध्येच थांबली तर? हा प्रश्न कोणीच विचारत नाही. वीज गेली किंवा सेन्सरने गाडी थांबवली तर उंचावरून अरुंद जिन्याने स्वतःच्या पायांनी उतरावं लागतं. कुबड्या किंवा काठीवाल्याला कर्मचारी कधी कधी नाही म्हणतात ते या कारणाने. अपमान समजू नका. तीन मजले कठडा धरून उतरता येणार नसेल तर त्या राइडला तुम्हीच नाही म्हणा.

इमॅजिकातल्या सलीमगढसारख्या, अंधारातून चालत जायच्या भीतीच्या घरात बसायला काही नसतं. घाबरून मागे उडी मारली की मेनिस्कसवाल्याचं काम तमाम. राजासॉरससारख्या पाण्यातल्या राइडमध्ये धक्क्यापेक्षा नंतरची ओली फरशी जास्त धोक्याची, तेव्हा उतरल्यावर बूट पुसून मगच चाला.

> तपासा: प्रत्येक राइडनंतर गुडघा पूर्ण सरळ होतो का आणि काटकोनात वाकतो का? दोन्ही जमत असेल तरच पुढची. "ही शेवटची" असं म्हणून केलेली राइड मोजू नका, ती कधीच शेवटची नसते.

## टप्पा 8: वॉटर पार्क असेल तर

पाणी गुडघ्याला चांगलं, हे अर्धसत्य आहे. छातीइतक्या शांत पाण्यात चालणं चांगलं. वॉटर पार्कात शांत पाणी कमी आणि जिने जास्त. प्रत्येक घसरगुंडीच्या आधी ओल्या, अनवाणी पायांनी मनोरा चढायचा, तोही कधी हातात रबरी ट्यूब धरून, म्हणजे कठडा सुटलेला. खाली पाण्यात आपटताना तळावर पाय टेकवायची सवय असते, त्यात गुडघा पिळतो. शस्त्रक्रियेची जखम पूर्ण भरलेली नसेल तर पाण्यात पायच घालू नका.

चालण्यासारखं काय? संथ वाहती नदी, पण ट्यूबमध्ये बसताना आणि उठताना दोन माणसं धरायला हवीत. लाटांच्या तलावात फक्त कडेला, बसून. उभं राहिलात की लाट मागून गुडघ्यावर मारते, आणि वर आपलीच भाचरं गळ्यात पडतात.

धातूचा ब्रेस घालून घसरगुंडीवर सोडत नाहीत, आणि ब्रेस काढून जायचं म्हणजे आधाराशिवाय. म्हणजे उत्तर स्पष्ट आहे. कपडे बदलताना बसून बदला. नायलॉनची चड्डी ओल्या पायावर चढवताना एका पायावर नाचणारी माणसं मी खोलीत पडताना पाहिली आहेत.

## टप्पा 9: बिघडलंच तर, आणि परतल्यावर

गुडघ्यात "टक्" असा आवाज होऊन लगेच सूज आली, पाय अडकला, किंवा वजन घेईना, तर तिथेच बसा. कोणाला ओढून सरळ करू देऊ नका. प्रथमोपचार केंद्राला खुर्ची घेऊन बोलवा. बर्फ, सैलसर पट्टी, पाय छातीच्या वर. काय झालं, किती वाजता, कुठल्या हालचालीत, ते फोनमध्ये लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतो आणि तोपर्यंत घरातल्या प्रत्येकाची कथा वेगळी झालेली असते. त्या रात्रीचा परतीचा प्रवास रद्द करायची तयारी ठेवा.

काही बिघडलं नाही तरी त्या संध्याकाळी गरम पाण्याचा शेक घेऊ नका आणि बाम चोळू नका. बर्फ दर दोन-तीन तासांनी एकदा. परतीची बस दुसऱ्या रात्रीची.

गोव्यात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ नका, निदान स्कूटरवरून तरी नको. स्टँड लावताना आणि सिग्नलला पाय टेकताना नेमका दुखराच पाय वापरला जातो. तीन दिवस रोज सकाळी त्याच टेपने घेर मोजा. तिसऱ्या दिवशी आकडा निघण्याआधीच्या आकड्यावर आला असेल तर फिजिओथेरपीचे व्यायाम पूर्ववत सुरू करा. आला नसेल तर व्यायाम थांबवून, मोजलेले आकडे आणि तीच चिठ्ठी घेऊन पुन्हा ओपीडी. सकाळी लवकर जा, केसपेपरच्या रांगेतही उभंच राहावं लागतं.